शिंगं शेवटच्या फेरीला

माझ्या घरात भिंतीवर एकही शिंग नाही. पन्नास वर्षं या चुलीवर हरणाचं मांस शिजतंय, आणि शिंगं जी काय आहेत ती गोठ्यात आहेत, दोरखंड अडकवायला. एक जोडी कोंबड्यांच्या खुराड्याला मूठ म्हणून लावलीय. माझा नवरा आर्ने नेमबाजीत या खोऱ्यात कुणाला हार जाणारा नव्हता, पण मारलेल्या जनावराचं डोकं भिंतीवर टांगायचं आणि त्याच्याखाली बसून जेवायचं, हे मी लग्न होऊन आले त्या दिवसापासून चालू दिलं नाही. ज्याला आपण खाल्लं त्याने वरून आपल्या ताटात का बघत बसावं?

आमच्या घरचा दुसरा नियम असा, की डोंगरावरून आधी मांस खाली यायचं. डोकं शेवटच्या फेरीला, जमलं तर. यामागे काही थोर विचार नाही. माणसाचे पाय लबाड असतात. शिंगं एकदा गाडीत येऊन पडली, चार जणांनी पाठ थोपटली, की पाय म्हणतात आता उद्या जाऊ. उद्या बर्फ पडतो, नाहीतर अस्वल येतं. असं वर टाकून दिलेलं मांस मी माझ्या डोळ्यांनी बघितलंय, धडच्या धड, फक्त मानेपासून वर काही नाही. सरकारी जंगलात बघितलंय, म्हणजे माझ्याच जमिनीत. ती जमीन माझीही आहे, तुमचीही आहे, आणि ज्याने उभ्या जन्मात बुटाला चिखल लागू दिला नाही त्याचीही आहे. म्हणून तर तिथे जास्त लाज बाळगायची.

आता माझ्या सुनेबद्दल. रोवेना टूसॉनची, भर वाळवंटातल्या शहरातली. तिच्या माहेरी मांस म्हणजे दुकानातलं, प्लास्टिकखाली गुलाबी, जणू झाडालाच लागलेलं. निल्सने तिला इथे मोंटानात आणलं तेव्हा मी मनात म्हटलं, दोन हिवाळे. आठ झाले, पोरंही झाली. मधल्या काळात मी तिला बरंच बोलून घेतलं. तिच्या लग्नात मी जांभळ्या फुलांची वेलबुट्टी काढलेले उशांचे अभ्रे दिले होते, पूर्ण एक हिवाळा डोळे फोडून. ते तिने कधी उशीला घातले नाहीत. मी दर नाताळला त्यांची चौकशी करायचे.

ऑगस्टमध्ये लाकडाच्या वखारीत निल्सच्या मांडीवर ओंडका घरंगळला. हाड दोन जागी मोडलं, आत सळई घातली, आणि माझा मुलगा खिडकीपाशी बसून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे रंग सांगू लागला. आर्नेला जाऊन सहा वर्षं झालीत. माझा खुबा धातूचा आहे. तेव्हा वर जाणार कोण, हा प्रश्न होता, आणि फ्रीजरमध्ये मागच्या वर्षीची दोन पुडकी आणि गोठवलेले वाटाणे होते. चर्चच्या बायका डबाबंद सामानाची पेटी घेऊन यायला टपलेल्याच होत्या. त्यांचे चेहरे मला पाठ आहेत. आम्हा तोलेफसनांच्या दारात त्यांना एकदा तरी तो चेहरा घेऊन उभं राहायचं होतं.

"मी जाते," रोवेना म्हणाली. सूप वाढत होती.

"कुठे?"

"वर. हरणाला."

मी हसले. निल्स हसला नाही.

बंदूक चालवायला मीच शिकवलं तिला. गवताच्या भाऱ्याला कागदी ताटल्या लावायच्या आणि लांब जायचं. पहिल्या आठवड्यात ताटल्या सुरक्षित होत्या, भाऱ्याचीही फार हानी झाली नाही. मग एक दिवस तिला जमलं. तिचा श्वास थंडीत मला दिसायचा, दिसायचा, मग दिसायचा नाही, आणि तेव्हाच बार निघायचा. हे शिकवता येत नाही. मी तिला तसं सांगितलं मात्र नाही.

ती वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम करते, सुट्टी फक्त शनिवारी. मादीच्या परवान्याच्या सोडतीत यंदा आमचं नाव निघालं नव्हतं, हातात होता तो एका नराचा परवाना. पहिला शनिवार कोरडा गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला तिला एक कोवळा नर दिसला, पण त्याच्या मागेच दुसऱ्या शिकाऱ्याचा नारिंगी अंगरखा होता, म्हणून तिने बंदूक खाली केली. चौथ्या शनिवारच्या आधी रेडिओवर सांगितलं की रात्रीपासून मोठा बर्फ येतोय. म्हणजे वर जायचा मोडक्या खोगिराच्या खिंडीचा रस्ता बंद, तो थेट वसंतापर्यंत. आता जे काय व्हायचं ते याच दिवशी.

मी तिच्याबरोबर गेले. वर नाही, रस्ता संपतो तिथपर्यंत. गाडीत बसले, मांडीवर विणकाम, शेजारी कॉफीचा थर्मास. ती अंधारातच चढून गेली. जाताना तिने पाठपिशवीत काहीतरी पांढरं कोंबलं ते मी बघितलं, पण काय ते कळलं नाही.

उजाडून बराच वेळ झाल्यावर बार ऐकू आला. एकच. मी सुया थांबवल्या आणि दुसऱ्याची वाट बघितली. नाही आला. मग मी मोज्याची टाच वळवली.

दुपार झाली तेव्हा ती उतरताना दिसली. वाकून, पाय आडवे टाकत, ओझं असलं की आर्ने चालायचा तशी. गाडीपाशी येऊन तिने पाठपिशवी मागच्या फळीवर टेकवली आणि पट्ट्यांतून खांदे सोडवले. आत दोन्ही मागच्या मांड्या होत्या, पाठीच्या लांब पट्ट्या होत्या, आणि हे सगळं माझ्या जांभळ्या फुलांच्या अभ्र्यांत गुंडाळलेलं होतं.

"अगं, हे काय?" मी म्हणाले.

"सुती आहेत, आई. हवा खेळती राहते. माशी बसत नाही."

"मी महिनोन् महिने घातले त्यावर."

"म्हणून तर टाके उसवले नाहीत."

मी एक अभ्रा उघडला आणि नाक खाली नेलं. नोव्हेंबरमधला माजावर आलेला नर कसा वास मारतो ते मला माहीत आहे. नीट साफ केला नाही, चिरायला उशीर झाला, की तो वास हाडापर्यंत जातो. इथे काही नव्हतं. मांस थंडगार, वरून कोरडं, एक केस चिकटलेला नाही. सर्वांत जड ओझं तिने पहिल्या फेरीला आणलं होतं, पाय ताजे असताना. एका मांडीला नर असल्याची खूणही कायद्याप्रमाणे ठेवली होती. जंगल खात्याचा माणूस तपासायला आला असता तर त्याला बघायला मिळालं असतं. काळीज तिच्या कोटाच्या आतल्या खिशात होतं, वेगळ्या पिशवीत.

मी एवढंच म्हणाले, "बरं आहे." आमच्या घरी याहून जास्त कुणी म्हणत नाही.

तेवढ्यात पलीकडच्या उतारावरून एक माणूस आला. त्याचं नाव ग्रेडी, ते नंतर कळलं. चाळिशीचा, दूरच्या राज्यातला, नारिंगी अंगरखा सोडला तर अंगावरचे कपडे असे की झुडपात उभा राहिला तर बायकोला सापडणार नाही. सकाळपासून त्याची गाडी माझ्या गाडीशेजारी उभी होती, माझ्या स्वयंपाकघराहून नीटनेटकी. हात रिकामे.

"एक बार ऐकला," तो म्हणाला. "तुमचा?"

"माझा," रोवेना म्हणाली.

"किती?"

"दोन मांड्या."

"मांड्या नव्हे हो. शिंगांना टोकं किती?"

"मोजली नाहीत. बरीच होती." ती पाणी प्यायली. "एक कान फाटलेला होता."

त्याचा चेहरा असा झाला की मला वाटलं याला खाली बसवावं लागेल. त्याने फोन काढला, बोटाने सरकवत सरकवत एक फोटो आणला आणि तिच्यापुढे धरला.

"हा?"

"हाच. फोटोत बारीक वाटतोय."

"तीन वर्षं मी याच्या मागे आहे," ग्रेडी म्हणाला. "झाडांना कॅमेरे बांधले. हा कुठे झोपतो ते मला माहीत आहे. मुलीच्या वाढदिवसाला घरी नव्हतो याच्यापायी."

"त्या नराला कळवलं होतंस का तसं?" मी विचारलं.

त्याने माझ्याकडे बघितलं, पण तो चिडला नाही, हे मी त्याच्या नावावर जमा केलं. "डोकं कुठे आहे?" त्याने रोवेनाला विचारलं.

"वर."

"वर म्हणजे?"

"पडलं तिथेच आहे. आतड्यांपाशी."

"आणि मानेची कातडी? खांद्यामागून सोडवलीत ना? टांगायची तर अख्खी लागते."

"हनुवटीपासून सरळ खाली चिरली. मांस लवकर गार व्हायला हवं होतं."

त्याने डोळे मिटले. कुणी लग्नाचा झगा फाडून फडकी केली म्हणून सांगावं, तसे.

मग तो समजुतीने बोलू लागला, आणि खरं सांगायचं तर त्याचं बोलणं वेडं नव्हतं. आकाश शिशासारखं झालं होतं. उजेड होता तोवर एकच फेरी होणार होती. "बाई, डोकं आणा," तो म्हणाला. "कातडी गेली तर गेली, शिंगं तरी आणा. या डोंगरावर असा नर पुन्हा उभा राहणार नाही. गावात वर्षाच्या मोठ्या शिकारीचा फोटो लागतो, तो तुमचा लागेल. उरलेलं मांस काय हो, मांस दुकानातही मिळतं."

फोटो अजून माझ्यापुढे होता. मी बघितला. शिंगं कसली, उलटा टांगलेला पाळणा. माझा दीर आयनर याने तीस वर्षांपूर्वी मारलेल्या नराचं डोकं गावच्या दारूच्या दुकानात लटकतंय, आणि त्याच्याखाली बसून तो आजही फुकटची बिअर पितो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला गोष्ट सांगतो. हा नर त्याच्या नराला मांडीवर घेऊन बसला असता. आयनरचा चेहरा माझ्या डोळ्यांपुढे आला. फार छान आला.

"रोवेना," मी म्हणाले, "तसं बघायला गेलं तर..."

ती रिकाम्या पिशवीच्या पट्ट्या ओढत होती. तिने मान वर केली नाही. "दोन्ही खांदे उरलेत, आई. बरगड्यांवरचं आहे. मान आहे. मान तुम्हाला आवडते."

मी तोंड मिटलं. हे माझ्या घरी रोज घडत नाही.

"मी येऊ का?" ग्रेडीने विचारलं. "तुम्ही मांस घ्या, मी डोकं आणतो. मला ठेवायचं नाही. एकदा हातात धरून बघायचंय फक्त."

"या की," रोवेना म्हणाली. "उजेड आहे तोवर निघू."

दोघं गेली. मी विणत बसले आणि जी टाच वळवली होती ती चुकली म्हणून उसवली. पहिले बर्फाचे कण काचेवर येऊन बसले. अस्वलं अजून बिळात गेली नव्हती. बंदुकीच्या आवाजाला ती येतात, जेवणाची घंटा झाल्यासारखी, हे इथल्या सगळ्यांना माहीत आहे, आणि मी तिला सांगितलं होतं: चिरून झालं की मांस आतड्यांजवळ ठेवायचं नाही. पार लांब न्यायचं, झाडाला उंच टांगायचं, खाली घामाचा सदरा अडकवायचा, माणसाच्या वासाने अस्वल बिचकतं. सांगणं वेगळं. सकाळभर एकटीने चिरून, थकून, प्रत्येक तुकडा वाऱ्याची दिशा बघत लांब वाहून नेणं वेगळं. मला स्वतःला तरुणपणी त्याचा कंटाळा यायचा.

अंधार पडायच्या बेताला एक नारिंगी ठिपका दिसला, त्यामागे दुसरा. मी गाडीचे दिवे लावले. पुढे ग्रेडी होता. त्याच्या पाठीवर शिंगं नव्हती. त्याच्या पाठीवर माझी जांभळी फुलं होती, एक खांदा एका बाजूला, दुसरा दुसऱ्या, आणि तो घामाने भिजून, तोंड उघडं टाकून चालत होता. मागून रोवेना, मान आणि बरगड्यांचं सगळं मांस घेऊन. हातात अस्वलाला पळवायचा तिखट फवारा, टोपण काढलेला. अंगात कोटाखाली सदरा नाही.

काय झालं ते ग्रेडीने आमच्या स्वयंपाकघरात सांगितलं. रस्ता बंद व्हायच्या आत गाड्या खाली आणल्या आणि मीच त्याला म्हटलं, जेवून जा. निल्स कुबडीवर दाराशी उभाच होता. त्याने बायकोच्या हातून एक एक अभ्रा घेतला आणि ओट्यावर ठेवला. आदल्या दिवशी रेडिओवर बर्फाचं ऐकल्यापासून त्याने एकाही गाडीचा रंग सांगितला नव्हता.

मी काळजाचे काप केले, पिठात घोळवले, लोण्यावर कांदा टाकला. आमच्याकडे काळीज त्याच दिवशी खातात.

"आम्ही वरच्या कड्यावर पोचलो," ग्रेडी म्हणाला, "आणि यांनी माझ्या छातीवर हात आडवा ठेवला. बघतो तर तिथे अस्वल. करडं, मोठं. माती आणि गवत ओढून त्याने सगळ्यावर ढीग केलेला. ढिगातून शिंगांची एक बाजू वर आलेली, वठलेल्या झाडासारखी. आणि हा त्यावर हनुवटी ठेवून पडलेला."

"मग?" निल्स म्हणाला.

"मग काय. मी म्हटलं, हवेत एक बार काढू, पळेल. शिंगं दिसत होती हो मला. या खिडकीपासून गोठा आहे तेवढ्या अंतरावर." त्याने काटा खाली ठेवला. "या म्हणाल्या, ते आता त्याचं झालं. आपलं तिकडे टांगलंय. वारा आपल्या बाजूने आहे तोवर निघू."

"बरोबरच आहे," मी म्हणाले.

"मी हललो नाही. खोटं कशाला सांगू. दुर्बीण लावून बसलो. यांनी तोवर मागे जाऊन झाडावरून सगळं उतरवलं, एकटीने, अस्वलाकडे तोंड करून. मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाल्या, बघून झालं असेल तर हे खांदे धरा, मला दोन फेऱ्यांचा उजेड नाही."

रोवेना भाकरीला लोणी लावत होती. "तुम्ही धरलेत ना पण."

"धरले."

"बर्फात, चढउतार करत, न कुरकुरता," ती म्हणाली. "हे पण सांगा की."

त्याने ते सांगितलं नाही, म्हणून मी इथे सांगते. तीन वर्षं ज्या वस्तूची माणसाला हाव होती ती समोर दिसत असताना पाठ फिरवून दुसऱ्याच्या पोरांच्या ताटातलं ओझं उचलणं, हे काही कमी नव्हतं. शिंगवेड्यांबद्दल माझी जीभ तिखट आहे आणि तिखटच राहील. या एकापुरती मी ती आवरते.

"एवढ्या मोठ्या नराला मारताना तुला भीती नाही वाटली?" निल्सने बायकोला विचारलं. "हात नाही कापले? लोकांचे कापतात, शिंगं बघितली की."

"मी बघितलीच नाहीत. मी कोवळ्या नराच्या शोधात होते. हा झुडपातून आला आणि आडवा उभा राहिला. मी खांद्यामागची जागा बघत होते." तिने खांदे उडवले. "पडल्यावर जवळ गेले तेव्हा कळलं की म्हातारा आहे. दात झिजलेले होते. जरा वेळ बसले त्याच्यापाशी. मग चाकू काढला."

ग्रेडी तिच्याकडे बघत राहिला. मीही बघत होते, पण तव्याच्या आडून.

काळजाचा पहिला काप आमच्याकडे ज्याने आणलं त्याच्या ताटात जातो. आर्नेच्या जायचा, मग निल्सच्या. मी तो रोवेनाच्या ताटात ठेवला. आठ वर्षांत तिने माझ्या हातचं काय काय निमूट खाल्लं असेल, पण हा काप खाताना ती पहिल्यांदा म्हणाली, "मीठ कमी आहे, आई." मी मीठ दिलं.

दुसऱ्या दिवशी बाहेर बर्फ कमरेएवढा. आम्ही दोघी टेबलावर बसून मांस कापलं. ती हाडावरून चाकू फिरवायची, मी पांढऱ्या कागदात पुडी बांधायची. पुडीवर खूण असते, कुणाची शिकार आणि कुठला तुकडा. मला फारसं लिहिता येत नाही, शाळा मी चौथीत सोडली, पण पन्नास वर्षं मी आर्नेच्या नावाचं पहिलं अक्षर काढलंय, मग निल्सच्या. रोवेनाच्या नावाचं कधी काढलं नव्हतं. पहिल्या पुडीवर वाकडं आलं. शेवटच्या पुडीपर्यंत हात बसला. फ्रीजरचं झाकण दाबून लावावं लागलं.

चर्चच्या बायका त्या आठवड्यात आल्याच, पेटी घेऊन. मी त्यांना आत बोलावलं, कॉफी दिली, आणि जाताना प्रत्येकीच्या हातात एक एक पुडी ठेवली. माझा चेहरा कसा होता ते मला दिसलं नाही, पण अंदाज आहे.

जानेवारीत मी मान शिजवली. म्हाताऱ्या नराची मान म्हणजे सकाळी चुलीवर चढवावी आणि विसरून जावं. सलगम, गाजर, थोडं मिरं. संध्याकाळी ती चमच्याने सुटत होती. पोरांनी बोटं चाटली. निल्स कुबडीशिवाय टेबलापर्यंत आला.

रोवेनाने मला वाढलं आणि माझ्यासमोर बसली.

"आई, एक विचारू?"

"विचार."

"त्या दिवशी गाडीपाशी. तुम्हाला ते डोकं हवं होतं ना?"

"काहीतरीच काय. माझ्या घरात भिंतीवर शिंग नाही."

"नाही ना. पण जेवायला बसल्यापासून तुम्ही चुलीवरच्या त्या भिंतीकडे चार वेळा बघितलंत."

निल्सने खाली मान घालून ताटात बघायला सुरुवात केली. मी चमचा खाली ठेवला.

"भिंतीला रंग द्यायचा आहे," मी म्हणाले. "म्हणून बघते. मान वाढ अजून, आणि रस्सा वरून घाल, कडेने नको."

तिने वाढलं. रस्सा वरून घातला.